अडीचशे लिटरचा समुद्र

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हिंगोली जिल्ह्याला एकेकाळी स्वतःचा समुद्र होता. त्याची लांबी चार फूट, रुंदी दीड फूट आणि खोली, काठोकाठ भरला तर, दीड फूट होती. उत्तरेला भिंत, दक्षिणेला सोफा, पूर्वेला देव्हारा आणि पश्चिमेला स्वयंपाकघराचं दार अशा त्याच्या चतुःसीमा होत्या. सरकारदरबारी त्याची नोंद नाही. जिल्हा तेव्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता आणि साहेबांना बसायला खुर्च्या मिळत नव्हत्या, तिथं समुद्राची मोजणी कोण करणार? तेव्हा ही नोंद मीच करून ठेवतो. कारण तो समुद्र मी बांधला, मी भरला, आणि जवळजवळ मीच मारला.

आमचं दुकान मुळात काचेचं. वडील देवादिकांच्या तसबिरी मढवायचे, खिडक्यांच्या काचा बसवायचे. नव्वदच्या आसपास एका गिऱ्हाईकानं विचारलं, "माशाची पेटी करून देता का?" वडील म्हणाले, नाही. मी मागून म्हणालो, हो. पाच काचा, एक सिलिकॉनची नळी आणि तरुणपणाचा माज एवढ्या भांडवलावर मी ती पेटी केली. ती तीनदा गळाली. चौथ्या वेळी गळाली नाही, आणि मी माशांच्या धंद्यात पडलो तो पडलोच.

लोकांना वाटतं, आम्ही मासे विकतो. नाही. मासा दोन मिनिटांत विकला जातो. खरं काम असतं पाणी सांभाळायचं. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो आणि तेच पाणी श्वासात घेतो. ती घाण पचवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पाण्यात आधी वाढावे लागतात. नवी टाकी आज भरली आणि आजच मासे सोडले, तर आठवड्यात टाकी रिकामी. हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो, तो मान डोलवायचा आणि विचारायचा, "बरं, मग मासे आज देता का उद्या?"

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका वकिलांनी मासा परत आणला, म्हणे, "हा सारखा माझ्याकडं पाठ करून बसतो." मी त्यांच्या घरी जाऊन टाकी तिथंच ठेवली आणि त्यांची खुर्ची पलीकडच्या बाजूला सरकवली. वकील खूश. एका काकूंनी एकादशीला माशांना साबुदाण्याची खिचडी घातली. सकाळी टाकीत ताक झालेलं. "अहो, माशाला उपास कसला?" मी म्हणालो. काकू ठसक्यात म्हणाल्या, "अख्खं घर उपाशी असताना त्यांनी सुकट खायची का? आमच्या घरात?" तीन बादल्या पाणी बदललं. मासे सगळे जिवंत. काकू आजतागायत ते एकादशीचं पुण्य समजतात.

तर असा मी, गोड्या पाण्यात बऱ्यापैकी पोहणारा माणूस. खाऱ्या पाण्यात मला ओढलं प्रेमसिंगनं.

होळीनंतरची दुपार होती. दुकानात एक उंच, काळासावळा, पस्तिशीचा माणूस आला. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूला एक तांडा आहे, तिथला. पंधरा वर्षं मालवाहू जहाजावर नोकरी, आता सुट्टीवर.

"भाऊ, समुद्राचा टँक बनवून देता का?"

"देतो की. मागच्या काचेला समुद्राचं चित्र लावून देतो. निळं पाहिजे का हिरवट?"

"चित्र न्हाई. समुद्र पाहिजे. खारं पाणी, अन् त्यात जिता दगड."

मी हसलो. तो हसला नाही. मग स्टुलावर बसून त्यानं सांगितलं. दूर कुठल्याशा बंदरात संध्याकाळी धक्क्यावर बसलं की खाली पाण्यातल्या खांबांना चिकटलेले नारिंगी दगड दिसायचे. दिवसभर मुके. अंधारून आलं की त्या दगडांना शेकडो तोंडं फुटायची, झेंडूच्या फुलासारखी. सोनार अंगठीत बसवतो त्या पोवळ्याच्याच भाऊबंदांपैकी, पण जिवंत.

"मग पाहिलंत ना तुम्ही? आता टाकीत कशाला पाहिजे?"

"मला न्हाई पाहिजे. बापूला दाखवायचंय." बापू म्हणजे त्याचे वडील. "बापू मला खोटारडा समजतेत. अन् त्यायचं चूक न्हाई, भाऊ."

पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा प्रेमसिंगनं घरी पत्र लिहिलं होतं की, मी इथं इंजिनिअर आहे. बापूंनी ते पत्र तांड्यावर चारचौघांत वाचून घेतलं, दोनदा. दोन वर्षांनी गोरेगावच्या बाजारात जहाजावरचाच एक माणूस बापूंना भेटला आणि अगदी कौतुकानं म्हणाला, "तुमचा प्रेमसिंग लई मेहनती बरं का! दिवसभर इंजिन पुसतो, कधी कुरकुर न्हाई."

"तवापासून मी खरं बोललो तरी बापू हसतेत. त्या दगडाचं सांगितलं, तर सगळ्यायसमोर म्हणले, 'आधी पोरगं इंजिनिअर झालं, आता दगड जिता झाला.' लोकं पोट धरून हासले. तीन महिन्यांची सुट्टी हाय, भाऊ. तेवढ्यात एकदा बापूच्या डोळ्यांनी तो दगड उघडलेला दिसला पाहिजे. एकदाच."

मी उभ्या जन्मात खाऱ्या पाण्याची टाकी केली नव्हती. समुद्रही दोनदाच पाहिला होता, तोही लांबून, चपला हातात घेऊन. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "होऊन जाईल." धंद्यात याच्याइतका महाग शब्द दुसरा नाही.

टाकी बांधली दहा मिलिमीटर जाडीच्या काचेची, कारण अडीचशे लिटर पाणी काचेला बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार जोरानं ढकलत असतं. अडचण पाण्याची. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो. ते पोवळ्याला चालत नाही. निव्वळ पाणी पाहिजे, ज्यात काहीही नाही. ते हिंगोलीत कुठं मिळणार? तर बॅटरीवाल्यांकडं. ट्रकच्या बॅटरीत घालायचं पाणी! मी चार दिवसांत गावातले सगळे कॅन उचलले. एक ट्रकवाला मला दारातच म्हणाला, "तुमचे मासे काय डिझेलवर चालतेत का?"

मीठही खाण्याचं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, आणखी दहा गोष्टी असतात. त्या सगळ्या मिसळलेलं खास मीठ मुंबईहून मागवलं. त्याबरोबर खारेपणा मोजायची एक काचेची नळी. दूध डेअरीत दुधातलं पाणी पकडायला तरंगती नळी असते ना, तिचीच ही मावसबहीण. पाण्यात सोडायची, किती बुडाली ते वाचायचं. आणि आले समुद्रातले ओबडधोबड खडक. त्या खडकांच्या भोकाभोकांत घाण पचवणारे जीव असतात. थोडक्यात, दुधाला विरजण लावतो तसं पाण्याला लावलेलं हे विरजण. लावल्यावर थांबायचं. महिना, सव्वा महिना. ढवळायचं नाही.

टाकी प्रेमसिंगच्या घरी बसवून भरली त्या दिवशी बापूंची पहिली भेट झाली. थावरूबापू. सत्तरीचे, पांढरं मुंडासं, हातात काठी, आणि मागं सात-आठ शेळ्या, ज्या त्यांच्याबरोबर थेट ओसरीपर्यंत येत. ते शेजारच्या जुन्या घरात राहत. पोराच्या नव्या स्लॅबच्या घरात टेकत नसत. दारातूनच म्हणाले, "काय हो काचवाले, बाया दोन-दोन हंड्यासाठी हापशावर उभ्या, अन् तुमी हिथं हौद भरून राहिले?"

"बापू, हे विकतचं पाणी आहे. बॅटरीचं."

"बॅटरीचं पाणी. त्यात दगड. तो दगड जिता." त्यांनी बोटं मोजली. "बराबर हाय. तीन थापा झाल्या."

पण मीठ विरघळवताना ते आत आले. मिठाच्या पिशवीपाशी उकिडवे बसले. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मग टाकीत बोट बुडवून चाटलं. "असं असतंय व्हय समुद्राचं पाणी," एवढंच म्हणाले आणि शेळ्या हाकीत गेले.

"बापूचा आज्जा मिठाचा लमाण होता," प्रेमसिंगची बायको, सुंदरवहिनी, मला सांगू लागल्या. "बैलांच्या पाठीवर गोण्या घालून थेट समुद्रावरून मीठ आणायचे म्हणं. बापूला मिठाचं लई. घरात कोणी सांडलं तर जेवत न्हाईत."

महिनाभर टाकीत काहीही नव्हतं. नुसतं पाणी, खडक आणि वर झाकण. बापू रोज सकाळी दारातून विचारायचे, "काय, उठला का दगड?" प्रेमसिंग म्हणायचा, "बापू, अजून पाणी पिकून राहिलं." बापू शेळ्यांना सांगायचे, "चला गं, पाणी पिकून राहिलं. उद्या या." माझी आठवड्याची फेरी ठरलेली: काळीपिवळी जीप, सेनगाववरून गोरेगाव, पुढं पायी. नळी पाण्यात सोडायची, आकडा बरोबर, मान डोलवायची, चहा प्यायचा. इतकं सोपं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि तिथंच मला संशय यायला हवा होता.

सातव्या आठवड्यात ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलचा खोका आला. दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, आणि मुठीएवढा नारिंगी पोवळ्याचा गोळा. मुंबईच्या व्यापाऱ्यानं फोनवर शपथ घेतली होती की हाच तो, उघडतो. मी खोका मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलो. सोळा माणसं, एक सायकल. सेनगावच्या पुढं एका खड्ड्यात माझ्या खिशातून बारीकसा आवाज आला. नळी फुटली होती.

आता पाहा, मी काचवाला. बाप काचवाला. माझ्या खिशात काच फुटावी? हे मी प्रेमसिंगला सांगितलं नाही. मुंबईला दुसरी मागवली, ती आली नाही, मी पाठपुरावा केला नाही. मनाशी म्हणालो, मीठ तर मापानं घालतोय, चुकणार कसं? चुका अशाच होतात. एक काच फुटते, आणि ती फुटली नाही असं दाखवण्यात माणूस बाकीच्या फोडत जातो.

कारण त्याच आठवड्यात ऊन तापलं. टाकीतलं पाणी कोमट झालं. समुद्राच्या माशाला ते सोसत नाही. मी झाकण काढायला लावलं आणि पाण्यावर टेबलफॅन सोडला. माठाचंच तत्त्व: पाणी उडून जातं, उरलेलं गार होतं. रोज तीन-चार लिटर उडायचं. आणि मी सुंदरवहिनींना सांगितलं, "वहिनी, पाणी जेवढं खाली जाईल तेवढं भरायचं. हा मिठाचा डबा, हे माप. समुद्राचं पाणी कमी झालं, तर समुद्राचंच पाणी घालायचं."

वाक्य कसं रुबाबदार आहे! त्या बाईनं ते इमानेइतबारे पाळलं. अठरा दिवस.

मासे आधी दोन दिवस नाचले. मग कोपऱ्यात बसले. मग त्यांचे कल्ले धापा टाकू लागले. आणि पोवळं? आलं तेव्हाही बंद होतं आणि नंतरही बंद. मी पुस्तकात पाहून सांगितलं की, पोवळं उजेडावर जगतं. म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत दोन ट्यूबलाइट त्याच्या डोक्यावर. वीज गेली तर प्रेमसिंगनं ट्रकच्या बॅटरीवर एक दिवा आणि हवेचा पंप जोडलेला. जहाजाचं इंजिन पुसणारा माणूस सगळं इंजिन शिकून आला होता, पण हे त्याच्या बापाला कोण सांगणार? एव्हाना त्याची सुट्टी तीन आठवडे उरली होती. रोज संध्याकाळी तो त्या गोळ्यासमोर गुडघ्यावर बसायचा. तांड्यावरची लेकरं खिडकीतून बघायची आणि एकमेकांना कोपरानं ढोसायची.

त्या फेरीला मी पोचलो तेव्हा एक मासा आडवा होऊन पोहत होता. मी चेहरा डॉक्टरांसारखा केला. "प्रवासाचा शीण आहे," म्हणालो. अठरा दिवसांनी!

दारातून बापू बघत होते. आज शेळ्या बाहेर बांधलेल्या. ते सरळ आत आले, मुंडासं सारखं केलं, टाकीत बोट बुडवलं, चाटलं आणि खिडकीतून बाहेर थुंकले.

"हे तवाचं पाणी न्हाई. हे लोणच्याचं पाणी हाय."

"बापू, मापानं मीठ घातलंय. शास्त्र आहे ते." मला जरा रागच आला. "तुम्ही समुद्र पाहिलाय का कधी?"

"न्हाई पाह्यला. मीठ पाह्यलं." ते खाली बसले. "मला एक सांगा, काचवाले. हे पाणी उडतंय, व्हय का न्हाई?"

"उडतंय."

"त्याच्यासंगं मीठ उडतंय का?"

मी टाकीवरच्या टेबलफॅनकडं पाहिलं.

"माझा आज्जा सांगायचा, समुद्राच्या काठाला लोकं वाफे करतेत, आपल्या कांद्याच्या वाफ्यावानी. त्यात पाणी घेतेत अन् उन्हाला सोडून देतेत. पाणी उडतं, मीठ ऱ्हातं. उडालं तेवढं परत खारंच घेतेत, अजून मीठ. असंच करत करत आगर भरतं." त्यांनी काठीनं टाकीवर हलकेच टकटक केलं. "तुमी मासे पाळून न्हाई राहिले. तुमी मीठ पिकवून राहिले."

सुंदरवहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. हसायला की रडायला, मला आजही ठाऊक नाही. कारण रोज सकाळी उठून माप भरून मीठ घालणारा हात त्यांचा होता आणि सांगणारं तोंड माझं.

मग मी खिशातून रुमाल काढला. त्यात अजून फुटकी नळी होती. टाकून द्यायचंही धाडस झालं नव्हतं. ती सोफ्यावर ठेवली. म्हणालो, "प्रेमसिंग, ही जीपमध्येच फुटली होती. मी बोललो नाही."

प्रेमसिंग माझ्याकडं बघत राहिला. पण माझ्यापेक्षा जास्त चपापलेले दिसले ते बापू. त्यांनी नळीचे तुकडे पाहिले, माझ्याकडं पाहिलं, मग कितीतरी वेळ पोराकडं पाहिलं. शेवटी म्हणाले, "माणूस लाजंला खोटं बोलतो. लबाडीला बोलत न्हाई परत्येक येळी." आणि उठून शेळ्या सोडायला गेले.

पाणी एकदम बदलता येत नाही. मासा धक्क्यानं मरतो. रोज थोडं खारं काढायचं, थोडं बॅटरीचं घालायचं. मी दुकानाला कुलूप लावून आठ दिवस तिथंच राहिलो. नळी नव्हती, तेव्हा माप काय? बापूंची जीभ. सकाळ-संध्याकाळ ते बोट बुडवायचे. "अजून." "अजून जरा." आठव्या दिवशी म्हणाले, "हां. आता तवाचं." पुढं मुंबईहून नवी नळी आली तेव्हा मी गुपचूप तपासलं. आकडा रेषेवर होता. इतकी वर्षं मी मोजमापाची साधनं विकली. ते साधन मात्र माझ्याकडं कधी विकायला आलं नाही.

मासे सावरले. आडवा झालेला उभा झाला. पोवळं मात्र तसंच, बंद. नारिंगी दगड. पाणी बरोबर, उजेड भरपूर, आणि हाताशी चार दिवस. प्रेमसिंगची बॅग भरून तयार होती. तो टाकीसमोर बसायचाही बंद झाला. ज्या संध्याकाळचं मी सांगणार आहे तिथपर्यंत आलो आहे, पण आधी पुढचं सांगून मोकळा होतो, कारण ते सुखाचं नाही.

प्रेमसिंग गेल्यावर टाकी सुंदरवहिनी आणि बापूंनी सांभाळली. चांगली वर्षभर. पुढच्या उन्हाळ्यात तांड्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि नवा बसायला नऊ दिवस लागले. बॅटरी चार दिवस पुरली. मी पोचलो तेव्हा पाण्याला वास येत होता आणि बापूंनी मासे परसात, लिंबाखाली पुरले होते. पोवळ्याचा गोळा पांढरा पडला होता. पुढं कायद्यानं पोवळ्याला वाघाच्या पंगतीला बसवलं. समुद्रातून उचलायचं नाही, विकायचं नाही. व्यापारी कुरकुरले. मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली. त्या गोळ्याला तेवढं वाढायला किती वर्षं लागली असतील आणि आपण तो एका माणसाला एकदा दाखवण्यासाठी इथवर आणला, हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. मी पुन्हा खारी टाकी केली नाही. गिऱ्हाईक आलं की सांगतो, समुद्र पाहायचा तर तिकीट काढा.

पण ती संध्याकाळ झाली, हे खरं. आणि ती झाली नसती तर बरं झालं असतं, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

सुट्टीचा शेवटून दुसरा दिवस. दिवेलागणीची वेळ. मी निरोप घ्यायला गेलो होतो. प्रेमसिंग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. मासे तर हायेत. लेकरायला आवडतेत." एवढ्यात बापू आले. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात ज्वारीच्या धांड्याची सोललेली काडी. वाटीत बाजारातली सुकट, पाण्यात भिजवून वरवंट्याखाली वाटलेली. वासानं सोफासुद्धा उठून गेला असता.

"हे काय, बापू?"

"काचवाले, तुमचा दगड जिता हाय का मेला, ह्याचा निकाल आज लावतो. जितं असंल तर खाईल. न्हाई खाल्लं, तर दगड."

"बापू, ते उजेडावर जगतं. पुस्तकात..."

"उजेडावर कोण जगतंय? मी जगून दाखवू का उद्यापासून?" त्यांनी वर पाहिलं. "अन् आधी ते दिवे बंद करा. नवं कोकरू तोंड उघडत नसंल तर त्याच्या डोळ्यावर कंदील धरतेत का? अंधार करतेत, ओठाला दूध लावतेत, अन् गप बसतेत. सुंदर, बटन दाब."

ट्यूब बंद झाल्या. पंखाही बंद केला. खिडकीतून संध्याकाळचा राखाडी उजेड तेवढा येत होता. बापूंनी काडीच्या टोकाला सुकट घेतली, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पाण्यात घातला. गोळ्याच्या अंगाला इथं, तिथं, नुसती लावली. दाबली नाही. हात बाहेर काढला आणि खाली बसले. आम्ही तिघंही बसलो. बाहेर शेळ्या ओरडत होत्या. प्रेमसिंग टाकीकडं पाहतच नव्हता. तो बापाकडं पाहत होता.

पाच मिनिटं. दहा. बापूंनी परत हात घातला, परत लावली. मला वाटलं, आता म्हणतील, दगड.

आधी नारिंगी रंग जरा फुगल्यासारखा वाटला. मी डोळे चोळले. मग एका टोकाला एक पिवळं बोंड वर आलं. शेजारी दुसरं. बारीक, पारदर्शक बोटं बाहेर आली, पाण्यात चाचपली, आणि सुकटीचा एक कण त्या बोटांनी धरला, आत घेतला आणि तोंड मिटलं. मग सगळीकडून. पंधरा, वीस, पन्नास तोंडं. सुंदरवहिनींनी माझं मनगट धरलं आहे हे माझ्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

बापू गुडघ्यांवर पुढं सरकले. नाक काचेला टेकलं. त्यांच्या श्वासानं काच धुरकटली, ती त्यांनी मुंडाशाच्या शेवानं पुसली आणि परत टेकले. प्रेमसिंग बापाच्या शेजारी सरकला. पंधरा वर्षं जमवून ठेवलेलं काहीतरी तो आता बोलणार, असं वाटलं. पण त्याच्याआधी थावरूबापू ताडकन वळले आणि अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात पोरावर ओरडले,

"मग इतके दिस त्याला उपाशी काहून ठेवलं रे?"